आधी लिंबू, मग साबण

आवाज अगदी लहान होता. वाळलेली शेंग मोडावी तेवढा. राजधानीतल्या कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या जुन्या अतिथिगृहाच्या कँटीनमधून मी बाहेर पडत होते. हातात कोथिंबीरवडीचा पुडा होता, पाचपैकी चार पायऱ्या उतरून झाल्या होत्या, आणि पाचवीवर उजव्या गुडघ्याखाली तो आवाज झाला. मी पडले नाही. कठड्याला धरून उभी राहिले. दुखलंही फारसं नाही. फक्त पाय माझं ऐकेना. उचल म्हटलं तर उचलेना, जसं काही त्याच्याशी माझी ओळखच नव्हती. हात लावून पाहिला तर गुडघ्याची वाटी नेहमीच्या जागेपेक्षा चांगली दोन बोटं वर सरकलेली. तीन महिन्यांपूर्वीच हा गुडघा बदलला होता, नवा कोरा सांधा बसवला होता, आणि मी सगळ्यांना पुन्हा पुन्हा सांगत होते की बघा, कशी चालते. कँटीनच्या दारातल्या माणसानं विचारलं, "मॅडम, कुछ हुआ क्या?" मी म्हटलं, "नहीं, कुछ नहीं." आयुष्यभर मी हे एकच उत्तर देत आले आहे. कुणीही, काहीही विचारलं की कुछ नहीं.

त्याला आज एकोणीस दिवस झाले. आज मंगळवार, सकाळचे आठ वाजून दहा मिनिटं झाली आहेत. मी लक्ष्मीबाई नगरच्या माझ्या क्वार्टरमध्ये पलंगावर उताणी पडले आहे. उजवा पाय मांडीपासून घोट्यापर्यंत पट्ट्यांच्या साच्यात सरळ आवळून ठेवला आहे. आठ आठवडे वाकवायचा नाही असा हुकूम आहे. पलंगाखाली भांडं आहे, त्यावर वर्तमानपत्र झाकलं आहे. पोटावर फोन ठेवला आहे. साडेनऊ वाजता पानिपतच्या एका इस्पितळात माझ्या धाकट्या भावाचा, दामूचा, डावा गुडघा बदलणार आहेत. त्याआधी मला त्याला एक वाक्य सांगायचं आहे. सांगितलं तर डॉक्टर जपून कापतील, कदाचित कापणारच नाहीत. नाही सांगितलं तर माझं झालं ते त्याचं होईल. हे वाक्य सांगायला माझ्याकडे चौदा दिवस होते. चौतीस वर्षं मी सरकारात फायलींवर टिपणं लिहिली. आपल्या टेबलावरची गोष्ट पुढच्या टेबलावर कशी सरकवावी हे मला कुणी शिकवायला नको. हे वाक्य मी रोज संध्याकाळी उद्यावर सरकवलं. आता उद्या शिल्लक नाही.

वाक्य साधं आहे. आपली लघवी काळी होते. लगेच नाही, येते तेव्हा ती चारचौघांसारखीच असते, पण उघड्यावर राहिली की हळूहळू तांबूस होते, मग चहासारखी, मग शाईसारखी. घामाचंही तेच, पण डागांपुरतं. मी जन्मात पांढरा ब्लाउज घातला नाही. काळा, गर्द निळा, फार तर जांभळा. ऑफिसात सगळ्यांना वाटायचं की जोशीबाईंना गडद रंगांची आवड आहे. मला पिवळा आवडतो. लघवी झाली रे झाली की मी पाणी ओतते, दोनदा, तीनदा, परक्या घरी तर चारदा. प्रवासात मी पाणीच पीत नाही. हे सगळं इतकं अंगवळणी पडलं होतं की त्यात काही लपवाछपवी आहे हेसुद्धा मी विसरून गेले होते. दात घासतात तसं.

आईनं शिकवलं. दामू जन्मला तेव्हा मी सहा वर्षांची होते आणि आम्ही सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो. वडील कारकून होते, मिरजेहून बदलीवर आलेले. एका दुपारी आई मोरीत बसून दामूची दुपटी धुत होती आणि रडत होती. पांढऱ्या दुपट्यावर साबण लागला की डाग फिका होण्याऐवजी काळाच होत होता. तिनं मला जवळ बसवलं, लिंबाची फोड हातात दिली आणि म्हणाली, "आधी लिंबू, मग साबण. साबण आधी लावलास तर संपलं." मी फोड चोळली. डाग खरंच फिका झाला. मला गंमत वाटली, जादूच वाटली, मी टाळ्यासुद्धा वाजवल्या. आईनं माझे हात धरले. "तुझीही अशीच होती. अजून आहे. गिरिजा, हे कुणाला म्हणजे कुणाला सांगायचं नाही. तुझं लग्न व्हायचंय." मग तिनं मला देवघरापाशी नेलं आणि माहेराहून लग्नात आणलेल्या इवल्याशा पितळी अन्नपूर्णेवर माझा हात ठेवायला लावला. हात ओला होता, लिंबाचा वास येत होता. "दामूलाही नाही," आई म्हणाली. "पुरुषमाणूस आहे, मोठा झाला की बाहेर बोलून जाईल." पुरुषमाणूस तेव्हा पाळण्यात पाय झाडत होता.

मी शपथ मोडली नाही. बापरे, किती नेकीनं पाळली. आईला जाऊन अकरा वर्षं झाली, अन्नपूर्णा आता पानिपतला दामूच्या देवघरात आहे, आणि मी अजून पाळतेच आहे. तीन महिन्यांपूर्वी ऑपरेशनच्या आधी घरी येऊन नमुना घेऊन जाणारी मुलगी आली. तिनं प्लास्टिकची बाटली दिली, मी बाथरूममध्ये गेले, बाटली भरली, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन बाटलीत लिंबाचे दहा-बारा थेंब पिळले. कुणी सांगितलं नव्हतं. हात आपोआप गेला. प्रयोगशाळेत पोचेपर्यंत रंग बदलणार नाही एवढीच काळजी. फसवते आहे असं मनातही आलं नाही. डॉक्टरांना फसवून माझं काय भलं होणार होतं? गुडघा माझा, पाय माझा. पण अठ्ठावन्न वर्षांची बाई, ग्रॅच्युइटीची फाइल तयार, लग्नाचं वय उलटून जन्म झालेला, आणि मी बाटलीत लिंबू पिळत होते ते माझं लग्न मोडू नये म्हणून. रिपोर्ट अगदी नॉर्मल आला.

ऑपरेशननंतर सर्जन पलंगापाशी आले. तरुणच आहेत, करनालकडचे, मोकळं बोलतात. म्हणाले, "मैडम, आपके घुटने के अंदर सब काला था. कोयले जैसा. मैंने आज तक सिर्फ किताब में देखा है." मग त्यांनी माझे केस बाजूला करून कान पाहिले. कानाच्या पाळीवर निळसर झाक आहे, मी केस नेहमी त्यावरून घेते. "यूरिन रखा रहे तो काला पड़ता है क्या?" मी त्यांच्या डोळ्यांत बघून म्हटलं, "नहीं तो." त्यांनी काढलेला तुकडा तपासायला पाठवला, रिपोर्ट आठवड्यानं घेऊन जा म्हणाले. मी तो आणायला गेलेच नाही. त्यांचे दोन फोन आले, मी उचलले नाहीत. तिसऱ्या महिन्यात पाचव्या पायरीवर तो आवाज झाला.

दुसऱ्या ऑपरेशननंतर मात्र ते बसले. खुर्ची ओढून बसले, आणि डॉक्टर बसला की समजावं. गुडघ्याच्या वाटीला नडगीशी बांधणारा एक पट्टा असतो, तो माझा तुटला होता. तोही काळा. वर्षानुवर्षं तो काळा पदार्थ त्यात साठत गेला, त्यानं पट्टा जुन्या रबरासारखा ठिसूळ झाला, हात लावला तर तुकडे पडत होते. जाळी घालून शिवला आहे, टिकेल की नाही सांगता येत नाही. जन्मापासूनचा आजार आहे, शरीरात एक रस कमी असतो, लाखांत एखाद्याला होतो. त्याला त्यांनी लांबलचक नाव सांगितलं, मी ते दोनदा म्हणून पाहिलं. इतकी वर्षं ज्याला आम्ही नुसतं "ते" म्हणत होतो त्याला नाव होतं, पुस्तकात पान होतं. "माँ-बाप आपस में रिश्तेदार थे?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आई म्हणजे वडिलांच्या मामाची मुलगी, हमारे यहाँ चलता है. चालतं कसलं, आमच्याकडे तेच पहिलं स्थळ. मुलगी परक्या घरात जाऊन पडण्यापेक्षा आत्याच्या घरात बरी, सगळं आपसांत राहतं. आपसांत राहिलंच म्हणायचं. डॉक्टर म्हणाले, "पहले किसी ने बताया क्यों नहीं? पता होता तो मैं उस पट्टे को पहले ही दिन बाँध देता, तीन महीने सीधा रखवाता." मग म्हणाले, "भाई-बहन हैं? उनको बताना ज़रूरी है." मी म्हटलं, "एक भाई है. उसको कुछ नहीं है." हे मी इतक्या सहज म्हटलं की माझं मलाच कौतुक वाटलं.

उसको कुछ नहीं है. त्याची दुपटी मी स्वतः लिंबानं चोळली आहेत.

साडेआठ झाले. चुलतबहिणीची मुलगी हेमांगी, उदगीरची, माझ्याकडे राहून कलेक्टर व्हायची तयारी करते, ती पलीकडच्या खोलीत मोठ्यानं राज्यघटनेची कलमं पाठ करते आहे. तिला मी भांड्याला हात लावू देत नाही. सकाळी आठच्या आत बाई येते, ती उचलते, तोवर रंग फार चढत नाही. आज बाई आली नाही. वर्तमानपत्राखाली आता काय चाललं असेल ते मला न बघता कळतं. हेमांगीला सांगितलं तर ती हसत उचलेल, पण ती बघेल. मी घड्याळाकडे बघते.

अशा वेळी मला विलास आठवावा, हे मला आवडलेलं नाही, पण आठवला. विलास आमच्याच सेक्शनला होता, अमरावतीचा. आम्ही रविवारी त्याच कँटीनमध्ये जेवायचो, त्याला तिथलं वरण घरच्यासारखं लागायचं आणि मला त्याचं तोंड बघत जेवायला आवडायचं. मे महिना होता, लूचा गरम वारा सुटला होता, मंडी हाउसपर्यंत चालत गेलो आणि माझा चेहरा घामानं निथळत होता. त्यानं खिशातून पांढराशुभ्र रुमाल काढून दिला. मी विसरले. खरंच विसरले, एवढं मला कुणी काही दिलं नव्हतं. चेहरा पुसला, मान पुसली, आणि धुऊन देते म्हणून रुमाल घरी आणला. आई गावाला गेली होती. मी सुखात होते, गाणं गुणगुणत होते, आणि मी आधी साबण लावला. रुमालावर माझ्या मानेच्या आकाराचा तपकिरी डाग उमटला. मग लिंबू, ताक, उन्हात घालणं, सगळं केलं. तो डाग गेला नाही. दुसऱ्या रविवारी विलासनं विचारलं, तुझ्या आईला भेटायला कधी येऊ? मी म्हटलं, येऊ नकोस. कारण विचारलं तर म्हटलं, कुछ नहीं. तो हिंदीत उत्तर ऐकून जरा हसला, त्याला वाटलं मी थट्टा करते आहे. मी सगळं आयुष्य डोळ्यांपुढे आणून पाहिलं होतं: एका पलंगावरची चादर, त्याचे पांढरे सदरे, त्याची आई, बाळाची दुपटी. रोज सकाळी त्याच्याआधी उठून लपवायचं. ते मला जमलं नसतं. रुमाल अजून कपाटात आहे. माणूस नागपूरला गेला, लग्न केलं, निवृत्त झाला.

दामूनं मात्र लग्न केलं. आणि दामूला माहीतच नव्हतं, म्हणून त्याला जमलं, असं मी मला समजावत आले. अज्ञानात सुख. तो पानिपतला एका गालिच्यांच्या कारखान्यात रंगखात्यात लागला, आता तिथला प्रमुख आहे. कपड्यांवर सदा डाग. आई म्हणायची, बरं झालं, रंगाच्या डागात एक डाग कुठे कळतोय. दहा दिवसांपूर्वी तो मला भेटायला आला, स्वतःच लंगडत होता, खांद्यावर माझ्यासाठी आणलेली जाड सुती चादर, पानिपतचा खेस. खुर्चीत बसताना दोघांचेही गुडघे करकरले आणि आम्ही हसलो.

"ताई, तुझं बघून मला तर टेन्शनच आलंय यार," तो म्हणाला. "पण आमचे डॉक्टर म्हणाले, तुमच्या बहिणीची केस वेगळी."

"त्यांना काय सांगितलंस माझं?"

"पायरीवरून घसरली म्हणून."

"अच्छा."

"अजून काही सांगायचं होतं का?"

त्यानं हे विचारलं. मला चांगलं आठवतं, खेसाची घडी करत, माझ्याकडे न बघता विचारलं. त्याच्या डाव्या डोळ्यातल्या पांढऱ्यात एक तपकिरी ठिपका आहे, तो मी लहानपणापासून बघते आहे. मग त्याची नजर पलंगाखालच्या झाकलेल्या भांड्यावर गेली आणि लगेच खिडकीकडे वळली. मी म्हटलं, "नाही रे. तू काळजी घे." तो म्हणाला, "डिसेंबरात क्षिप्राचं लग्न आहे, त्याआधी पाय धड हवा. तिकडची माणसं फार चौकशी करणारी आहेत." क्षिप्रा त्याची एकुलती एक. मी मनात म्हटलं, झालं, आता तर बोलायलाच नको. मुलीचं लग्न व्हायचंय. आईचा शब्द माझ्या तोंडात आयता होता. जाताना तो नेहमीसारखा वाकून नमस्कार करायला गेला, मी ओरडले, वाकू नकोस! आम्ही दोघंही दचकलो.

आठ पन्नासला मी फोन लावला. लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा भीती जास्त होती हे मला तेव्हा कळलं. दामूचा फोन बंद. मग त्याच्या बायकोला, मयुराला लावला.

"ताई, ह्यांना आत नेलं," ती म्हणाली. "आधीचा पेशंट रद्द झाला म्हणून आठलाच नेलं. मी बाहेर बसलेय."

"आठला?"

"हो ना. तुम्हाला फोन करणारच होते. रात्रभर चांगले झोपले. काल मात्र इस्पितळात माझ्याकडे लिंबू मागत होते, सरबत करतो म्हणे. चिरून दिलं, तर घेऊन बाथरूममध्ये गेले."

पलीकडच्या खोलीत हेमांगी एकविसावं कलम म्हणत होती. दामूला माहीत होतं. माझ्या दामूला माहीत होतं, आणि त्यानं बाटलीत लिंबू पिळलं होतं, बहुधा दहा-बारा थेंब.

"मयुरा," मी म्हटलं, "नीट ऐक. आमची लघवी काळी होते. माझी आणि दामूची. जन्मापासून. तो आजार आहे, त्यानंच माझा पाय गेला. डॉक्टरांना आत्ता सांगायला पाहिजे."

बोलले. अठ्ठावन्न वर्षांत पहिल्यांदा मोठ्यानं बोलले. पलीकडची घोकंपट्टी थांबली. फोनवर इस्पितळाचा गलबला होता, कुणीतरी कुणाला तरी स्ट्रेचर सरकवायला सांगत होतं.

"ताई," मयुरा हळूच म्हणाली, "मला माहितीये."

"काय?"

"एकोणतीस वर्षं कपडे मीच धुते ना ह्यांचे. पहिल्याच महिन्यात कळलं. आधी वाटलं कारखान्यातला रंग असेल, पण रविवारीही तसंच. मी सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, आधी लिंबू, मग साबण. एवढंच. मी काय म्हणणार, चांगले आहेत हे, जीव लावतात. डागांचं काय घेऊन बसायचं?" मग तिनं आवाज खाली आणला. "अन्नपूर्णेवर हात ठेवून घेतला त्यांनी. म्हणाल्या, गिरिजाला कळू देऊ नकोस की तुला माहितीये. ती लाजेनं मरेल. ह्यांनाही मी कधी बोलले नाही. त्यांना वाटतं मला माहीत नाही."

डागांचं काय घेऊन बसायचं. ती हे सहज म्हणाली, भाजी निवडताना म्हणावं तसं. मला रुमाल दिसला, त्यावरचा माझ्या मानेचा आकार दिसला, आणि माझ्या आत काहीतरी इतकं दुखलं की पाय त्यापुढे काहीच नव्हता. आईनं प्रत्येकाला वेगळं वेगळं नेऊन त्या एवढ्याशा देवीवर हात ठेवायला लावला होता. दामूलाही कधीतरी नेलंच असणार, ताईला सांगू नकोस म्हणून. आई, दामू, मयुरा आणि मी, एका घरातले चौघं, चौघांनाही माहीत, आणि सगळे एकमेकांना सांभाळत बसलेले.

"तू डॉक्टरांना सांगितलंस?" मी विचारलं.

"मला वाटलं ह्यांनी सांगितलं असेल."

"मयुरा, धाव. दार वाजव. सांग त्यांना, वाटीखालच्या पट्ट्याला जपा म्हणावं."

तिनं फोन बंद केला नाही. फरशीवर चपलांचे आवाज ऐकू आले, मग दारावर थापा, मग एका नर्सचं रागावणं. मयुराचं धाप लागलेलं हिंदी मला ऐकू येत होतं, "सिस्टर, बहुत ज़रूरी है, बहुत." मी छतावरच्या पंख्याकडे बघत होते आणि मनात आईला शिव्या देत होते. खरंच देत होते. मग दार उघडल्याचा आवाज आला आणि एका पुरुषाचा, थकलेला, तोंडाला काही बांधल्यासारखा: "दामोदर जोशी के साथ आप हैं? अंदर सब काला है मैडम. कटोरी साइड में की तो नीचे का पूरा पट्टा हाथ में आ गया. हम जो हो सकता है कर रहे हैं, लेकिन पैर का मैं वादा नहीं कर सकता. ये पहले किसी ने बताया क्यों नहीं?"

मी लक्ष्मीबाई नगरच्या पलंगावरून म्हटलं, मला माहीत होतं, मला माहीत होतं डॉक्टर. पण फोन तेव्हा कुणाच्याच कानाला नव्हता. मग तो बंद झाला.

दारात हेमांगी उभी होती, हातात उघडं पुस्तक. तिनं सगळं ऐकलं होतं. ती आत आली, ओढणीच्या टोकानं माझे डोळे पुसले, मग काही न विचारता खाली वाकली आणि भांड्यावरचं वर्तमानपत्र उचललं. मी तिला अडवलं नाही. तिनं बराच वेळ बघितलं. तोंड वाकडं केलं नाही की नाकाला हात लावला नाही.

"मावशी," ती म्हणाली, "हे डॉक्टरांना दाखवायला पाहिजे होतं ना?"

मी म्हटलं, "हो."